तयार पायांचा आग्रह कशासाठी?

मॉडेल विमान बांधावयास निघालेल्या नवशिक्या मुलाने चाकांच्या पायांसाठी पोलादी तार आणली, ती वाइसमध्ये धरली आणि हातोडी उचलली, की त्याला थांबविणारांची घरात आणि घराबाहेर एकाएकी गर्दी होते, आणि त्या गर्दीत स्वतः कधी तार वाकविलेली नाही अशांचाच भरणा अधिक असतो, ही गोष्ट उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही गावांत आम्ही इतक्या वेळा पाहिली आहे की आता तिच्याविषयी गप्प बसणे आम्हांस अप्रामाणिकपणाचे वाटते.

या मंडळींची कैफियत काटछाट न करता मांडावयाची तर ती अशी आहे. लँडिंग गिअर बाजारात तयार मिळते, घरपोच येते, तेव्हा ते हाताने करीत बसणे हा वेळेचा अपव्यय होय. तार हे तर पैसे नसणाराचे साधन; खऱ्या विमानाला कधी तारेचे पाय असतात काय? शिवाय पोलादाशी झटणे हे कसलेल्या कारागिराचे काम. नवशिक्याने त्यात हात घातला तर बोट कापेल, डोळा जाईल आणि अखेर विमानही जाईल. मुळात त्याला पाय हवेतच कशाला? विमान हाताने फेकावे आणि गवतावर पोटाने उतरवावे. आणि हे सगळे सांगून झाल्यावर शेवटचा शेरा ठरलेलाच असतो, की हा पोरखेळ आहे, त्यापेक्षा तेवढा वेळ अभ्यास केलेला बरा. यांपैकी एकही विधान तपासणीत टिकत नाही, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे.

तयार मालाचा पुरस्कार करणारास आमचा पहिला प्रश्न असा, की पाकिटातला तो पाय कोणाच्या विमानासाठी केलेला आहे? विमानाचे वजन किती, त्याचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढील कडेपासून किती मागे, प्रोपेलर किती इंचांचा, विमान शेपटीवर बसणारे की नाकाखाली तिसरे चाक असणारे, यांपैकी एकाही गोष्टीची चौकशी न करता जो पाय कारखान्यात तयार झाला, तो या मुलाच्या विमानाला नेमका बसेल हे कोणत्या आधारावर गृहीत धरावे? शेपटीवर बसणाऱ्या विमानाची चाके गुरुत्वमध्याच्या पुढे, साधारणपणे पंखाच्या पुढील कडेच्या खाली, यावी लागतात. ती मागे राहिली तर जमिनीला टेकताच विमान नाकावर पालथे होते, आणि फार पुढे गेली तर शेपूट आपटून ते पुन्हा हवेत उसळते. नाकाखाली चाक असेल तर हिशेब उलटा, मुख्य चाके गुरुत्वमध्याच्या किंचित मागे. प्रोपेलरचे टोक आणि जमीन यांत निदान इंचभर मोकळी जागा हवी, नाही तर पहिल्याच धावेत प्रोपेलर तुटावयाचा. हे सर्व निर्णय ज्याच्या टेबलावर विमानाचा आराखडा पसरलेला आहे त्यानेच घ्यावयाचे असतात. ते दुसऱ्याच्या मुखत्यारीवर सोपविता येत नाहीत.

आणि जमिनीचे काय? पाकिटातली लहान, कडक चाके डांबरी किंवा सिमेंटच्या धावपट्टीवर चालतात. बदलापूरच्या मुलाला मिळते ती धावपट्टी भाताच्या खाचरातली. कापण्या आटोपून जमीन वाळली, की बारवी धरणाच्या वाटेवर आणि उल्हास नदीच्या अंगाने जी खाचरे मोकळी पडतात त्यांत दोन-तीन बोटे उंचीची ताठ धसकटे असतात, गुरांच्या खुरांचे वाळून कठीण झालेले ठसे असतात, आणि मध्येच पाण्याने खचलेला बांध आडवा येतो. उल्हासनगरच्या मुलालाही सुटीच्या दिवशी पहाटेची लोकल पकडून याच खाचरांकडे यावे लागते, कारण पाचही कॅम्पांच्या दाट वस्तीत विमान उतरेल एवढी सलग जागा शोधणे अवघड. आणि अंबरनाथच्या मुलाने तर ऑर्डनन्स फॅक्टरीच्या आसपास विमान उडविण्याचे मनातही आणू नये, तो परिसर संरक्षण खात्याच्या अखत्यारीतला आहे. अशा खाचरात पाच सेंटिमीटर व्यासाचे चाक फिरत नाही, ते धसकटात अडकते आणि विमान उलथते. तेथे साडेसात-आठ सेंटिमीटरांचे मऊ फोमचे चाक लागते. चाक मोठे आणि जड झाले की पायाला बसणारे हिसके वाढतात, म्हणून तार जाड घ्यावी लागते. तार जाड घेतली की वजन वाढते, म्हणून गुरुत्वमध्य पुन्हा तपासावा लागतो. ही गुंतागुंत ज्याने स्वतः उलगडली त्यालाच आपले विमान कळले असे आम्ही समजतो. पाकीट फोडणाराला त्यातले काय कळले?

आता तारेच्या हीनपणाचा आक्षेप घेऊ, कारण तोच सर्वांत अधिक आत्मविश्वासाने केला जातो आणि त्यालाच सर्वांत कमी आधार आहे. एक किलो वजनाचे विमान फूटभर उंचीवरून आपटले तर जमिनीला टेकताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे 2.4 मीटर असतो. पाय ताठ असून हा वेग अवघ्या तीन मिलिमीटरांत थांबला, तर विमानाच्या सांगाड्यावर सरासरीने त्याच्या वजनाच्या शंभरपट जोर येतो. पाय लवून तोच वेग तीन सेंटिमीटरांत थांबला, तर तो जोर दहा-अकरापटींवर येतो. बालसाच्या पातळ फळ्या आणि डिंकाचे सांधे यांपैकी कोणता जोर सोसतील, हे सांगण्यास पदवी लागत नाही. लवणे हा तारेचा दोष असल्याची समजूत ज्यांनी करून घेतली आहे, त्यांनी पाय कशासाठी असतो याचा विचारच केलेला नाही. विमान जमिनीपासून उंच धरणे एवढ्याने पायाचे काम संपत नाही. जमिनीचा तडाखा स्वतःवर घेऊन तो सांगाड्यापर्यंत जाऊ न देणे हे त्याचे मुख्य काम.

खऱ्या विमानाला असे पाय नसतात, हे म्हणणे तर वस्तुस्थितीलाच सोडून आहे. अमेरिकेतील स्टीव्ह विटमन या शर्यतींच्या वैमानिकाने आणि विमानबांधणी करणाराने स्प्रिंग पोलादाचा पाय प्रत्यक्ष विमानाला लावला; त्या कल्पनेचे हक्क सेस्ना कंपनीने घेतले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्या कंपनीची हजारो लहान विमाने एका पोलादी पट्टीच्या लवचिकपणावर जगभरच्या मैदानांत उतरली. विटमनच्या टेलविंड विमानाला तर पट्टीही नाही, सरळ पोलादी गजांचे पाय आहेत. ज्या तत्त्वावर माणसे बसलेले विमान सुखरूप उतरते, ते तत्त्व बदलापूरच्या मुलाच्या दीड किलोच्या विमानास कमीपणाचे कसे ठरेल?

मात्र तारेचे नाव घेऊन वाटेल ती तार पुढे करणारांशीही आमचे भांडण आहे. बांधकामावर सळया बांधावयाची तार, कुंपणाची जस्ताचा मुलामा दिलेली तार, या मवाळ लोखंडाच्या असतात. एकदा वाकल्या की वाकलेल्याच राहतात, आणि विमान पहिल्या उतरणीनंतर फतकल मारून बसते. पायांसाठी हवी ती एरोमॉडेलिंगवाल्यांची पियानो वायर, म्हणजे भरपूर कार्बन असलेल्या पोलादाची, थंड अवस्थेत साच्यातून ओढून काढलेली स्प्रिंगची तार. भारतीय मानकांत ती आय.एस. 4454 या क्रमांकाखाली येते, आणि स्प्रिंगा वळणाऱ्या कोणत्याही कारखान्याला ती ठाऊक असते. ओळखण्याची खूण सोपी आहे: थोडी लववून सोडली तर ती जागच्या जागी परत यावी, आणि कानस तिच्यावरून सहजासहजी चालू नये. जाडीचा हिशेबही डोळे मिटून करू नये. 3 मि.मी.च्या तारेऐवजी 4 मि.मी.ची घेतली तर ताठपणा तिपटीहून थोडा अधिक वाढतो, आणि मीटरमागे वजन 55 ग्रॅमांवरून 99 ग्रॅमांच्या घरात जाते. म्हणून एक-दीड किलोच्या विमानास 3 मि.मी. पुरे, अडीच किलोच्या पुढे गेल्यास 4 मि.मी. घ्यावी. जाड तार म्हणजे भक्कम पाय, असे समजून चालणारा मनुष्य विमानाला पुन्हा तोच शंभरपटीचा तडाखा देण्याची तजवीज करीत असतो.

याहून अधिक अनर्थ करणारा सल्ला दुसरा आहे, आणि तो अनुभवी म्हणविणारांकडूनही मिळतो: तार वळत नाही ना, मग गॅसवर लाल कर आणि वळव. हा सल्ला ऐकणाऱ्या मुलाचा पाय त्याच क्षणी निकामी झाला असे समजावे. या तारेचे बळ तिच्या ओढून काढण्यात साठविलेले असते. ती लाल झाली की ते बळ नाहीसे होते आणि हातात उरते ती कुंपणाच्याच लायकीची मऊ तार. दिसावयास पाय उत्तम दिसतो, कोपरा सुबक येतो, आणि पहिल्या उतरणीला तो त्याच कोपऱ्यात बसतो. ही तार थंडच वाकवावी लागते. त्याला अपवाद नाही.

थंड तार नवशिक्याच्या हातून वाकत नाही, हा पुढचा आक्षेप. वाकते, रीत कळली पाहिजे. ती रीत अशी. खूण करावयाची ती चिकटपट्टीने किंवा स्केचपेनने, ओरखड्याने कधीही नाही, कारण ओरखडा पडलेल्या जागीच तारेला चीर जाते. वाइसच्या जबड्यांवर अॅल्युमिनियमच्या पट्टीची आवरणे घालावीत, म्हणजे त्यांचे दात तारेत रुतत नाहीत, आणि ज्या कडेवरून तार वळावयाची ती कड कानशीने गोल करून घ्यावी. कोपऱ्याची गोलाई निदान तारेच्या जाडीइतकी राहिली पाहिजे. मोकळे टोक धरून ओढण्याने सबंध तार कमानीत जाते आणि कोपरा कोठेच येत नाही. म्हणून मोकळ्या भागावर पोलादी नळीचा तुकडा चढवून तो जबड्याच्या लगत आणावा आणि नळी दाबावी, म्हणजे वाक हवा तेथेच पडतो. काटकोनात आणून सोडली की तार काही अंश मागे येते. तो तिचा स्वभावधर्मच आहे, म्हणून काटकोनाच्या थोडे पुढे नेऊन सोडावे. वाक कमी पडला तर त्याच दिशेने आणखी थोडा देण्यास हरकत नाही. जास्त झाला तर उलटा वाकवून सुधारू नये, तो तुकडा बाजूला ठेवून नवा घ्यावा. वाकांचा क्रम विमानाकडून बाहेर, आणि आस सर्वांत शेवटी. आणि दोन्ही पाय एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात, हे कागदावर डावा-उजवा लिहून ठेवल्याशिवाय दुसऱ्या तारेला हात लावू नये. अन्यथा दोन सुंदर डावे पाय तयार होतात.

या पायाचा सर्वांत कुशल भाग वरून दिसतच नाही. पंखाखाली किंवा पोटात एक कठीण लाकडाचा खोबणी पाडलेला ठोकळा डिंकाने पक्का बसविलेला असतो. तार त्या खोबणीत आडवी निजते, तिच्यावर पत्र्याच्या दोन पट्ट्या स्क्रूने आवळल्या जातात, आणि तिचे शेवटचे बोटभर टोक काटकोनात वळून ठोकळ्याच्या भोकात उभे शिरते. धसकटाने चाक मागे रेटले की पाय मागे जातो, पण ते टोक भोकात अडकलेले असल्याने खोबणीतली आडवी तार पिळली जाते, आणि रेटा संपताच पीळ सुटून पाय जागेवर येतो. कोणताही सुटा भाग नाही, कोणतेही तेलपाणी नाही. एका तारेच्या दोन वाकांत वरून येणारा आणि समोरून येणारा, असे दोन्ही तडाखे घेण्याची व्यवस्था झालेली आहे. हे ज्याने स्वतःच्या हाताने बसविले आणि चाक अंगठ्याने मागे दाबून तो पीळ प्रत्यक्ष पाहिला, त्या मुलाला पिळाच्या जोराचे प्रकरण पुस्तकात आले तर ते परके वाटेल काय?

दोन तारा जोडावयाच्या असतील तर तेथेही ऐकीव सल्ल्यांपासून सावध राहावे. पितळेचा टाका मारणारा वेल्डर जवळच्या नाक्यावर सापडतो, पण त्याची ज्योत तारेला लाल करते आणि मघाचाच अनर्थ ओढवते. जोड पॉलिश पेपरने चकचकीत घासून, त्यावर तांब्याची बारीक तार दाट गुंडाळून, कथिल-शिशाचा साधा डाग द्यावा. तो 190 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, तेवढ्याने तारेचे बळ कमी होत नाही. आम्लाचा फ्लक्स वापरला असल्यास जोड सोड्याच्या पाण्याने धुऊन टाकावा, नाही तर गंज आतून काम करीत राहतो.

बोट कापेल, डोळा जाईल, ही भीती खोटी नाही, पण तिच्यातून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. पोलादी तार पक्कडीने तोडली तर पक्कडीचे दात बसतात आणि तुकडा वेगाने उडतो. म्हणून ती ग्राइंडरच्या पातळ चकतीने कापावी, डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा, आणि पहिल्या वेळी शेजारी कोणी जाणता उभा असावा. धोका आहे म्हणून खबरदारी शिकवावयाची, की धोका आहे म्हणून काम बंद करावयाचे? आयटीआयमध्ये फिटरचे शिक्षण घेणाऱ्या मुलाच्या हाती सुरुवातीलाच कानस आणि हॅक्सॉ येतात. तो कसलेला झाल्यावर देऊ, असे कोणी म्हणत नाही, कारण ती हाती घेतल्याविना तो कसलेला होणारच नाही. नवशिक्याने बिघडवून बिघडेल काय? हातभर तार. तिची किंमत तयार पाकिटापुढे किरकोळ आहे.

आणि ही भीती येथे, या तीन गावांत, बोलून दाखविली जाते याचा आम्हांस अधिक खेद होतो. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीत ज्यांनी धातूला मापात आणण्यात आयुष्य घालविले अशी माणसे येथल्या चाळीचाळींत आणि वसाहतींत राहतात. 8 ऑगस्ट 1949 रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगरची पायाभरणी झाली, तेव्हा सिंधमधून सर्वस्व सोडून आलेल्या कुटुंबांजवळ जुन्या लष्करी छावणीच्या बराकींपलीकडे फारसे काही नव्हते. त्यांनी हाती आले ते काम शिकून घेतले आणि त्यावर गाव उभे केले. त्यांच्या नातवंडांनी, आणि कारखान्यातल्या फिटर-टर्नरांच्या नातवंडांनी, तारेला हात लावू नये असे सांगण्याचा अधिकार कोणाला कोठून आला?

पाय नकोतच, विमान पोटाने उतरवावे, या मताला आम्ही ग्लायडरपुरती मुभा देतो. मोटरचे विमान धसकटांवर पोटाने उतरविले तर खालचे आवरण फाटते, प्रोपेलर मोडतो, मोटरची आस वाकते. आणि याहून मोठी हानी अशी, की जमिनीवरून सरळ धावणे, योग्य वेगाला उचलणे, आणि उतरताना शेवटच्या हातभर उंचीवर नाक हळूच वर घेऊन चाके टेकविणे, ही उड्डाणाची अर्धी विद्या त्या मुलाच्या वाट्याला येतच नाही. ड्रोन आल्यामुळे हे सारे कालबाह्य झाले असे म्हणणारांना एवढेच विचारतो, की प्रवासी विमाने अजून कशावर उतरतात?

राहिला अभ्यास. समोरून पाहता पाय 12 सेंटिमीटर खाली आणि 5 सेंटिमीटर बाहेर जातो; बाजूने पाहता तो 4 सेंटिमीटर पुढे झुकतो. मग तार किती लांब तोडावी? आराखड्यातली कोणतीही एक आकृती याचे उत्तर देत नाही. पायथागोरसचा सिद्धांत दोनदा लावला की 13.6 सेंटिमीटर येते, आणि चुकले तर विमान एका कुशीवर कलते. वर्गात पाठ केलेला सिद्धांत जेथे आपल्या बरोबर-चुकीची रुजवात ताबडतोब करून देतो, असा याहून चांगला अभ्यास आम्हांस ठाऊक नाही. एन.सी.सी.च्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंगला शिक्षणक्रमात स्थान आहे, ते उगाच नाही. 1878 मध्ये राइट बंधूंच्या वडिलांनी घरी आणलेले, पेनॉ या फ्रेंच संशोधकाच्या रचनेवरून बनविलेले, रबराच्या पिळावर उडणारे यंत्र हेही खेळणेच होते. पण त्या मुलांनी ते केवळ उडविले नाही, ते मोडल्यावर तसेच दुसरे स्वतः बनविले. आपल्याकडे, मुंबईच्या कांदिवलीत, कॅप्टन अमोल यादव यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले, 2016 साली ते ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले आणि 2017 साली त्याची सरकारदरबारी नोंद झाली. गच्चीवर विमान बांधणारा मनुष्य एका दिवसात तयार होत नाही. त्याच्या आधी कोणी तरी कोठे तरी त्याच्या हातातले हत्यार काढून घेतलेले नसते.

म्हणून आमची मागणी उपदेशकांच्या मौनापुरती नाही. तिन्ही गावांतल्या हार्डवेअरच्या दुकानदारांनी 2, 3 आणि 4 मि.मी.ची स्प्रिंग तार ठेवावी आणि मुलांना ती मीटरवर तोडून द्यावी. शाळांनी कार्यानुभवाच्या तासासाठी एक वाइस भिंतीलगतच्या मजबूत बाकावर बसवावा आणि चार चष्मे विकत घ्यावेत. अंबरनाथच्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्या कारागिरांनी रविवारचा तासभर त्या बाकापाशी उभे राहावे. आणि पालकांनो, पावसाळा संपून खाचरे वाळावयास लागण्यापूर्वी तुमच्या मुलाने तार आणली, तर तिच्यासाठी घरात जागा करून द्या आणि पहिला पाय वाकडा झाला तरी त्याला दुसरा तुकडा आणून द्या.